राबाची आग आणि रानाची आग

मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर महाराष्ट्राची हद्द जेथे संपते, तेथे तलासरी तालुक्यातील अच्छाड हे गाव आहे. प्रवाशांना आणि मालमोटारींच्या चालकांना ते सीमेवरील तपासणी नाक्यामुळे परिचित आहे. नाक्यावरील वाहनांची रांग मागे टाकून तालुक्याच्या अंतर्भागात शिरले, की भातखाचरे, त्यांच्या वरच्या अंगाला वरकस माळ आणि त्यापलीकडे साग, ऐन, खैर, पळस यांचे रान असलेल्या टेकड्या, असा डहाणू-तलासरीचा नेहमीचा देखावा दिसू लागतो.

फाल्गुन उजाडला की या देखाव्यावर दोन प्रकारचे काळे डाग पडू लागतात. पहिला डाग खाचराच्या कोपऱ्यात असतो. तो लहान, चौकोनी आणि रेखीव असतो. दुसरा टेकडीच्या अंगावर असतो; त्याला आकार नसतो, सीमा नसते. पहिली आग शेतकरी स्वतः लावतो आणि ती विझेपर्यंत तिच्याजवळ बसून राहतो. दुसरी आग कोणी लावली हे बहुधा कळतच नाही. पहिलीला ‘राब’ म्हणतात, दुसरीला ‘वणवा’. ज्वाला दोन्हींची एकच. परंतु माती, झाड, गवत आणि पशुपक्षी यांच्यावर होणारा दोहोंचा परिणाम अत्यंत भिन्न आहे. हा फरक ज्या कारणांमुळे पडतो, ती समजून घेतली तर वनशास्त्रात ‘नियंत्रित जाळणी’ या नावाने ओळखला जाणारा विषय आपोआप उलगडतो. ठरावीक जागी, ठरावीक ऋतूत, ठरावीक वेळी, विशिष्ट हेतूने आणि राखण ठेवून लावलेली आग म्हणजे नियंत्रित जाळणी होय. या व्याख्येत वारली शेतकऱ्याचा राब पुरेपूर बसतो. मात्र त्याच्याकडे आजवर त्या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही.

राबाची रीत

कोकणपट्टीत भाताची रोपे आधी छोट्या वाफ्यात वाढवून नंतर त्यांची आवणी करतात. हा वाफा, म्हणजेच राब, लागवडीच्या एकूण क्षेत्राच्या साधारणतः दहाव्या हिश्शाइतका असतो. हिवाळ्यात झाडांचा टहाळ कोयत्याने तोडून त्याचे भारे वाळत ठेवतात. पुढे उन्हाळ्यात वाफ्याच्या जागेवर शेणाचा थर, त्यावर टहाळ, त्यावर गवत व पालापाचोळा आणि सर्वांत वर बारीक केलेल्या मातीचा पातळ थर, अशी रचना करतात. मातीचा हा थर अनाठायी नसतो. त्यामुळे आग भडकत नाही, धुमसत राहते. उष्णता खाली मातीत मुरते आणि राख वाऱ्याने उडून जात नाही. जाणता शेतकरी वारा पडलेला पाहून, वाऱ्याच्या उलट दिशेने सरकेल अशा बेताने आग लावतो. वाऱ्याबरोबर धावणारी आग पाला वरच्यावर जाळून निघून जाते. वाऱ्याविरुद्ध जाणारी आग सावकाश, तळापर्यंत जळते आणि आटोक्यातही राहते. परदेशांतील वनखात्यांच्या पुस्तिकांत नियंत्रित जाळणीचे हेच तंत्र मोठ्या तपशिलाने सांगितलेले असते.

राबाचा प्रश्न नवा नाही. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या रीतीचे वर्णन आहे. १८७८ च्या वन कायद्यानंतर सरकारी राखीव वनांच्या सीमा आखल्या जाऊ लागल्या, तेव्हा टहाळ कोठून आणि किती तोडावा यावरून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोठा असंतोष निर्माण झाला. त्याची चौकशी करण्यासाठी १८८५ साली मुंबई सरकारने वन आयोग नेमला व त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. भातजमिनीला जोडून दिलेली वरकस जमीन ही मुख्यतः राबाच्या सामग्रीसाठी होती, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे. वनाधिकाऱ्यांच्या मते राब हा झाडांचा संहार होता. शेतकऱ्यांच्या मते राबाशिवाय भात नव्हता. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते, म्हणूनच हा वाद इतका दीर्घकाळ चालला.

शेतकऱ्याच्या म्हणण्याची शास्त्रीय परीक्षा पुण्याच्या कृषी महाविद्यालयात झाली. त्या वेळचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी एन. व्ही. जोशी व एन. व्ही. कानिटकर यांनी राबपद्धतीवर केलेला अभ्यास १९१२ साली प्रसिद्ध झाला. राबाचा लाभ केवळ राखेमुळे होत नाही, मातीला मिळणारी उष्णता हेदेखील त्याचे महत्त्वाचे कारण आहे, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसले. तापलेल्या मातीतील काही द्रव्ये पाण्यात विरघळण्याजोगी होतात आणि तिचा पोत बदलतो. याच सुमारास, १९०९ साली, इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील संशोधकांनी तापवलेल्या मातीत अमोनियाचे प्रमाण वाढून पिके जोमाने येतात असे दाखवून दिले होते. एका अडाणी रूढीत शास्त्र होते, हे त्यामुळे मान्य करावे लागले.

मातीत काय घडते

आगीचा मातीवर होणारा परिणाम आगीच्या धगीवर आणि ती किती वेळ एका जागी टिकते यावर अवलंबून असतो. माती ही उष्णतेची मंद वाहक आहे. वाळलेल्या गवतावरून झरझर सरकणारी आग पृष्ठभाग पोळते, परंतु दोन-चार सेंटिमीटर खाली तिची झळ फारशी पोचत नाही. त्यामुळे कंद, खोलवरची मुळे व मातीत गाडलेले बी वाचते. याउलट, पडलेला ओंडका किंवा पालापाचोळ्याचा जाड ढीग तासन्‌तास जळत राहिला, तर त्याखालची माती खोलवर भाजते. वनस्पतींच्या पेशी साधारणतः ६० अंश सेल्सियसच्या आसपास मरतात. राबाच्या वाफ्यात तणांचे बी मरते ते यामुळेच. राबावर वाढलेली रोपे तणमुक्त असतात आणि भुसभुशीत मातीतून मुळे न तुटता उपटली जातात, हे शेतकरी सांगतो ते बरोबर आहे.

पोषकद्रव्यांची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. पाल्यात साठलेले कॅल्शियम, पोटॅश व स्फुरद जाळल्यानंतर बव्हंशी राखेत शिल्लक राहते आणि पिकाला सहज मिळते. राख अल्कधर्मी असल्याने मातीची आम्लताही काही काळ कमी होते. परंतु नत्राचे तसे नाही. सुमारे २०० अंशांपासून नत्र वायुरूपाने निघून जाऊ लागते आणि ५०० अंशांच्या पुढे पाल्यातील बहुतेक नत्र हवेत जाते. पाला कुजला असता तर जे नत्र व सेंद्रिय द्रव्य हळूहळू मातीत मिसळले असते, ते अशा रीतीने गमावले जाते. जाळलेल्या जागी पहिल्या पावसानंतर हिरवेगार गवत उगवते आणि पाहणाऱ्यास वाटते की आगीने जमीन सुपीक केली. वस्तुतः ती जमिनीची ठेव मोडून केलेली एक वेळची चैन असते.

राबात ही ठेव आसपासच्या रानातून आणलेली असते आणि ती दहाव्या हिश्शाच्या वाफ्यावर खर्च होते. टेकडीवर वणवा लागला म्हणजे मात्र ती जागच्या जागी उधळली जाते. राबाभोवती बांध असतो. मृगाच्या सरी कोसळल्या तरी राख वाफ्यातच राहते. टेकडीला बांध नसतो. पालापाचोळ्याचे पांघरूण जळून उघड्या पडलेल्या उतारावर कोकणातला पहिला जोरदार पाऊस पडतो, तेव्हा राख आणि तिच्याबरोबर वरची माती ओढ्या-नाल्यांत वाहून जाते. येथील काळ्या कातळावरील मातीचा थर मुळातच पातळ. तो भरून यायला लागणारा काळ पिढ्यांच्या हिशेबाने मोजावा लागतो.

संरक्षणाचा अतिरेक

आग ही रानाची शत्रू आहे, हे सूत्र घेऊनच भारतातील शास्त्रीय वनव्यवस्थापनास प्रारंभ झाला. १८६० नंतरच्या दशकात, सध्या मध्य प्रदेशात असलेल्या बोरी येथील जंगलात, कॅप्टन पिअर्सन यांनी आगीपासून संरक्षणाचा प्रयोग यशस्वी करून दाखवला आणि तो इतर प्रांतांत अनुकरला गेला. परंतु काही वर्षांतच एक अनपेक्षित अनुभव येऊ लागला. ब्रह्मदेशातील दमट सागवनांत आग थांबवली, तसतशी बांबू आणि सदाहरित झुडपांची दाटी झाली व सागाची नवी रोपे दिसेनाशी झाली. सागाला भरपूर ऊन लागते. शिवाय त्याच्या फळाचे कवच इतके कठीण असते, की थोडी धग लागल्यास ते रुजण्यास मदतच होते. १८९६ साली ‘इंडियन फॉरेस्टर’ या नियतकालिकात स्लेड या वनाधिकाऱ्याने ब्रह्मदेशात आगसंरक्षणाचा अतिरेक झाल्याची तक्रार उघडपणे मांडली. आसाम व उत्तर बंगालच्या पायथ्याच्या सालवनांतही हेच घडले. तेथे १९२० नंतरच्या दशकात हिवाळा संपता संपता सौम्य आग लावण्याची पद्धत वनखात्याने स्वतः स्वीकारली.

पुढे अमेरिकेसही हा धडा गिरवावा लागला. तेथे १९१० च्या भीषण वणव्यांनंतर प्रत्येक आग विझवण्याचे धोरण आले. परिणामी जंगलात इंधन साचत गेले, आणि उष्णतेने ज्यांची बोंडे उघडतात अशा महाकाय सिकोया वृक्षांची नवी पिढी खुंटली. १९६८ साली तेथील राष्ट्रीय उद्यानांनी धोरण बदलून नियंत्रित जाळणीला स्थान दिले. ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवासी तर हजारो वर्षे रानात ऋतुमानानुसार छोट्या छोट्या आगी लावीत आले आहेत.

आपल्या शेजारच्या कर्नाटकातील बिळिगिरीरंगन टेकड्यांचे उदाहरण अधिक जवळचे आहे. तेथील सोलिग आदिवासी वर्षारंभीच्या थंड दिवसांत पालापाचोळ्याला हलकी आग लावीत. १९७४ साली तेथे अभयारण्य झाले आणि ही प्रथा बंद पडली. त्यानंतर घाणेरी बेसुमार माजली आणि आवळ्याच्या झाडांवर बांडगुळे वाढली, असे सोलिगांचे म्हणणे आहे. घाणेरीच्या वाढीला इतरही कारणे आहेत. तरी या म्हणण्याची दखल संशोधकांनी गांभीर्याने घेतली आहे.

दरवर्षीची आग

मग तलासरीच्या टेकड्याही जाळाव्यात काय? ब्रह्मदेश आणि बंगालचे दाखले देऊन असा निष्कर्ष काढणे मोठी चूक ठरेल. ती रानं फार दमट होती आणि तेथे आग नव्हती म्हणून अडचण आली. येथे परिस्थिती नेमकी उलट आहे. पाऊस चार महिने, कोरडा काळ आठ महिने. रानात माणसांची व गुरांची सतत ये-जा. आणि आग क्वचित नव्हे, तर अनेक टेकड्यांवर जवळजवळ दरवर्षी. म्हणजे येथील प्रश्न आग असावी की नसावी हा नसून, एकाच जागी दोन आगींमध्ये किती वर्षांचे अंतर असावे हा आहे.

पानझडी रानातील अनेक झाडे आगीला सरावलेली असतात. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली जाड साल किंवा सागाचे जाड खोडकवच आतील जिवंत थराचे रक्षण करते. कोवळे रोप मात्र शेंड्यापासून बुडख्यापर्यंत जळते. त्याची मुळे जिवंत असल्यामुळे पावसाळ्यात त्याला पुन्हा धुमारा फुटतो. पुढच्या उन्हाळ्यात तो धुमारा पुन्हा जळतो. असे रोप दहा वर्षांचे असूनही गुडघ्याएवढेच राहते. ज्वालेच्या उंचीच्या वर डोके काढून सालीला जाडी येईपर्यंत त्याला सलग काही वर्षे उसंत मिळाली पाहिजे. ती न मिळाल्यास रानात म्हातारी झाडे आणि खुरटे धुमारे एवढेच उरते, मधली पिढी गायब होते. कोणत्याही वारंवार जळणाऱ्या टेकडीवर नजर टाकली असता ही पोकळी ध्यानात येते. मोठी झाडेही सुटत नाहीत. दरसाल बुंधा पोळला की साल फाटते, जखमेतून बुरशी व वाळवी शिरते आणि खोड पोकळ होते.

तमिळनाडूतील मुदुमलै येथे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ साली ५० हेक्टरांचा कायमस्वरूपी अभ्यासपट्टा आखला व त्यातील झाडांची वर्षानुवर्षे मोजदाद ठेवली. आगीच्या वर्षांत बारीक खोडांची मोठी हानी होते आणि आगीविना गेलेल्या सलग वर्षांत लहान झाडांची संख्या वाढते, असे तेथे आढळले. त्याच परिसरातील जुन्या व नव्या नोंदींची तुलना करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आगीची वारंवारता सुमारे ऐंशी वर्षांत तिपटीच्या आसपास वाढल्याचे दिसून आले. अशा रानात आणखी आग लावणे म्हणजे तापाच्या रोग्याला शेक देण्यासारखे आहे.

गवताचाही विचार केला पाहिजे. ‘जाळले की चांगले गवत येते’ हा समज सर्वत्र आहे. जळल्यावर फुटणारा पहिला हिरवा कोंब गुरांना आवडतो हे खरे. परंतु वारंवार जळणाऱ्या माळावर कुसळी गवताचे प्राबल्य वाढते. कुसळीच्या बीला पीळ पडलेले लांब कुसळ असते. ते दमट हवेत उलगडते व कोरड्या हवेत पुन्हा पिळते आणि त्या हालचालीने बी मातीत स्वतःला खुपसून घेते. आग वरून गेली तरी बी सुरक्षित राहते. कुसळी पिकली म्हणजे गुरे तिला तोंड लावीत नाहीत. गुराख्याने चाऱ्यासाठी लावलेली आग कालांतराने चाऱ्याचीच प्रत उतरवते, ती अशी.

आगीचा महिना कोणता यावरही बरेच अवलंबून असते. जानेवारी-फेब्रुवारीत दव पडलेले असते, पाला पूर्णपणे वाळलेला नसतो. त्या वेळची आग गुडघाभर उंचीची, तुटक असते आणि दगड-घळीत, ओलसर जागी आपोआप थांबते. एप्रिल-मेमधील आग वेगळी. साग-ऐनांची सगळी पाने खाली आलेली, वारा सुटलेला, हवेत ओलावा नाही. चढावर तर ती आणखी वेगाने धावते. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. त्याच दिवसांत तित्तर, लावा, रातवा हे पक्षी जमिनीवर अंडी घालतात आणि सरडे, कासवे, सापांची पिल्ले यांना पळून जाण्यास वाव नसतो. मोठी जनावरे निसटतात. मरतात ती आपल्या नजरेस न पडणारी.

जाळरेषा

वनखात्याने जो नियंत्रित जाळ प्रत्यक्षात स्वीकारला आहे तो जाळरेषांपुरता. वनाच्या सीमेवर आणि वनखंडांच्या मध्ये साधारणतः ६ ते १२ मीटर रुंदीचे पट्टे आखून त्यांवरील गवत-झुडपे पावसाळा संपल्यावर कापतात, वाळू देतात आणि उन्हाळा तापण्यापूर्वी, सकाळी अथवा सायंकाळी, मजुरांच्या उपस्थितीत जाळून टाकतात. पुढे वणवा आलाच तर त्याला या पट्ट्यावर जाळण्यास काही मिळत नाही. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. जाळरेषेचे काम त्यापूर्वी आटोपले पाहिजे. मार्चमध्ये जाळलेली जाळरेषाच वणव्याचे कारण ठरू शकते. दरवर्षी तोच अरुंद पट्टा जळतो, त्यामुळे तेथील मातीचे नुकसान होतेच. ते उर्वरित रानाच्या रक्षणासाठी मोजलेले मोल आहे. अलीकडे पालापाचोळा यंत्राने फुंकून बाजूला करण्याची सोय अनेक ठिकाणी झाली असून त्यामुळे जाळण्याची गरज काही अंशी कमी होते.

उपग्रहांच्या साहाय्याने आगीची ठिकाणे टिपून त्यांची सूचना देण्याचे काम भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून करीत आहे. ही सूचना वनरक्षकाच्या भ्रमणध्वनीवर येते. परंतु सूचना मिळाल्यावर टेकडी चढून ओल्या फांद्यांनी आग झोडपणारे हात गावातलेच असावे लागतात. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ अन्वये राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे, आणि त्याच अधिनियमाच्या कलम ७९ अन्वये वनात हक्क असणाऱ्यांवर आग विझवण्यास साहाय्य करण्याचे बंधन आहे. पहिले कलम सर्वांना ठाऊक असते. दुसरे फारसे कोणी सांगत नाही. गावकऱ्याने केवळ धाकापोटी आग विझवावी, अशी अपेक्षा कधीच फळास आलेली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये सामूहिक वनाचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभांना मिळू शकतो. ज्या टेकडीचे गवत, मोह आणि बांबू आपल्या गावाचे आहेत, तिच्यावरील धूर पाहून गाव स्वस्थ बसत नाही.

गवताच्या बाबतीत या भागाला जुना अनुभव आहे. डहाणू व जुन्या उंबरगाव तालुक्यातील गवत एके काळी मुंबईच्या तबेल्यांना जात असे. १९४५ साली वारली मजुरांनी केलेल्या लढ्यात गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न अग्रभागी होता, इतके त्या गवताला मोल होते. त्या काळी कुरणाला आग लागणे म्हणजे मालकाचे आणि मजुराचे, दोघांचेही नुकसान होते. कापलेल्या कुरणात आग शिरत नाही, ही साधी गोष्ट आज विसरली जात आहे. पावसाळ्यानंतर गवत वेळेवर कापून गंज्या गावाजवळ लावल्या, तर टेकडीवरील निम्मे इंधन नाहीसे होते आणि गुरांच्या वैरणीचीही सोय होते.

मोहाच्या झाडाखालची आग हीही टाळण्याजोगी आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी फुले पाल्यात दिसत नाहीत म्हणून वेचणारे झाडाखालचा पाला पेटवतात आणि दुपारच्या वाऱ्यावर ती आग रानात शिरते. त्याऐवजी पाला झाडून काढणे किंवा झाडाखाली जुनी साडी अथवा जाळी अंथरणे पुरेसे असते. फुलेही स्वच्छ मिळतात व त्यांना भाव बरा येतो.

टहाळाला पर्याय

पुन्हा राबाकडे वळू. राबाच्या आगीत स्वतः दोष फारसा नाही. दोष आहे तो दोन गोष्टींत. एक, बांधाबाहेर निसटलेली राबाची आग पुष्कळदा वणव्याचा आरंभ ठरते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. राबासाठी दरसाल खरवडलेली झाडे वाढतच नाहीत. बोडक्या खांबासारखे उभे असलेले ऐन या भागात कोणासही दाखवता येतील. त्यांना फुले-फळे धरत नाहीत, म्हणजे बीही पडत नाही. एका बाजूने टहाळ आणि दुसऱ्या बाजूने वणवा, अशा कात्रीत रानाची पुढची पिढी सापडली आहे.

शेतकऱ्याने राब सोडावा असे म्हणताना त्याच्या हातात काय द्यावयाचे, हा प्रश्न कृषिशास्त्रज्ञांनी काही प्रमाणात सोडवला आहे. डॉ. एन. के. सावंत यांनी विकसित केलेल्या चारसूत्री भातशेतीत राबाच्या राखेची जागा भाताच्या तुसाच्या काळ्या राखेने घेतली आहे. गादीवाफ्याच्या दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो राख मातीत मिसळली, की रोपांना सिलिका व पोटॅश मिळते आणि ती कणखर होतात. भातगिरणीवर पडून राहणारे तूस त्यासाठी पुरते; झाडावर कोयता चालवावा लागत नाही. दुसरे सूत्र गिरिपुष्पाच्या पाल्याचे. बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या रोवल्या, की दोन-तीन वर्षांत हिरवळीच्या खताची कायमची सोय होते आणि जाळल्यामुळे जे नत्र हवेत गेले असते ते चिखलणीत मातीला मिळते. उरलेली दोन सूत्रे म्हणजे १५ व २५ सेंटिमीटर अंतरे आलटून पालटून ठेवून केलेली नियंत्रित आवणी आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅम वजनाची गोळी खोचणे. हेक्टरी ६२ हजार ५०० गोळ्या, म्हणजे सुमारे १७० किलो खत लागते. रायगड जिल्ह्यातील नेरळ येथे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी प्रचारात आणलेल्या सगुणा भात तंत्रात तर रोपवाटिका आणि आवणी हे दोन्ही टप्पेच गाळलेले आहेत. गादीवाफ्यावर थेट बी टोकले जाते.

तरीही राब अद्याप टिकून आहे आणि त्याची कारणे हट्टाची नाहीत. राबाला रोख पैसा लागत नाही. तुसाची राख आणि खताच्या गोळ्या वेळेवर गावात मिळाल्या तरच उपयोग. आवणी उरकल्यावर आलेली गोळी कोणाच्या कामाची? तणाचा बंदोबस्त हा राबाचा सर्वांत मोठा लाभ आहे आणि गादीवाफ्यात तण काढण्यास हात लागतात. ते हात अच्छाड-तलासरीत पूर्वीइतके मोकळे नाहीत. हिवाळ्यानंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, तर तरुण मंडळी वापी, उंबरगावच्या कारखान्यांत कामाला असतात. राब राखणारी माणसे कमी झाली, ही आगीच्या दृष्टीनेही चिंतेची बाब आहे. पूर्वी सारे घर राबाभोवती बसत असे; आज एखादी म्हातारी आणि एखादे शाळकरी पोर एवढेच तेथे असते.

ज्या शेतात राब चालूच राहणार आहे, तेथे निदान काही गोष्टी पाळता येतात. वनाला लागून असलेल्या खाचरात राब न करता गावठाणाजवळच्या खाचरात करावा. राबाभोवती दोन-तीन हात रुंदीची जागा खरवडून मोकळी ठेवावी. दुपारी नव्हे, तर दिवस कलल्यावर आणि वारा पडल्यावर आग लावावी व पाण्याची घागर जवळ ठेवावी. एकाच शिवारातील शेतकऱ्यांनी दिवस ठरवून लगोलग राब भाजले, तर राखणीला माणसे पुरतात. वनरक्षकाला आदल्या दिवशी कळवले, तर त्या सायंकाळी त्या शिवारावर त्याची नजर राहते. टहाळही एकाच झाडाचा बोडका न करता, शेंडा व वरच्या फांद्या राखून आणि आलटून पालटून वेगवेगळ्या झाडांचा घेतला, तर त्या झाडांना वाढीस व फळ धरण्यास अवधी मिळतो.